कर्नल बदलला आणि लॅन गेलं: मदरबोर्डवरचं नेटवर्क परत कसं आणायचं

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपग्रेड केल्यावर मदरबोर्डवरचं लॅन (केबलचं नेटवर्क) बंद पडलं की बहुतेक जण आधी ड्रायव्हर शोधायला धावतात. विंडोजची सवय असते ती. चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून झिप उतरवायची, आतली स्क्रिप्ट चालवायची आणि मोकळं व्हायचं. लिनक्सवर पुढच्या बिघाडाचं बी पुष्कळदा याच उपायात असतं. गेल्या खेपेला माझ्या मशीनचं नेट गेलं, ते मीच दोन वर्षांपूर्वी एका फाइलीत लिहून विसरलेल्या ओळीमुळे. त्या ओळीकडे येऊच.

उदाहरणं उबुंटू २४.०४ धरून दिली आहेत. तिचा मूळ कर्नल ६.८ आणि पुढे एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नल पुरवणाऱ्या) मार्गाने ६.११, ६.१४ असे नवे कर्नल आले. डेबियन आणि मिंटवर बहुतेक सगळं असंच चालतं; फेडोरा आणि आर्चचा फरक जागच्या जागी सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

आधी जुन्या कर्नलवर परत

या दुखण्याची गंमत अशी, की नेट दुरुस्त करायला नेटच लागतं. सुटकेचा सोपा रस्ता तुमच्या डिस्कवरच पडून असतो. उबुंटू नवा कर्नल बसवताना जुना पुसत नाही, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. फेडोरा तर तीन ठेवतो. आर्चमध्ये नवा येताच जुना जातो, म्हणून आर्चवाल्यांनी एलटीएस (दीर्घकाळ सांभाळला जाणारा) कर्नलही बसवून ठेवावा.

मशीन रीस्टार्ट करा आणि बोर्डाचा लोगो जाताच एस्केप एकदाच दाबा. सारखं दाबत राहिलात तर मेन्यूऐवजी ग्रबचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) काळा प्रॉम्प्ट समोर येतो आणि माणूस आणखी घाबरतो. यूईएफआय (बायोसची नवी पिढी) नसलेल्या जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायची. मेन्यूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडा. शेजारची ‘रिकव्हरी मोड’ची ओळ नको.

इथे लॅन चाललं तर केबल, राउटर आणि चिप तिघंही निर्दोष सुटले. बिघाड नव्या कर्नलच्या बाजूचाच आहे आणि दुरुस्तीसाठी लागणारं नेटही हातात आलं.

जुन्या कर्नलवरही चाललं नाही आणि त्याच मशीनवर विंडोजही असेल, तर एक घरगुती उपाय आधी करून बघा. मशीन पूर्ण बंद करा, मागची पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि मग परत सुरू करा. विंडोज बंद होताना कधी कधी चिपला अशा झोपेत ढकलतं, की लिनक्सने हाक मारली तरी ती उठत नाही. हा उपाय लागू पडला तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ कायमचं बंद करा.

जुना कर्नल पुसूनच टाकला असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. बऱ्याच फोनांवर फोन घरच्या वायफायवर असला तर तेच नेट केबलमधून पुढे येतं, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही.

चिप कोणती आणि तिला कोण सांभाळतंय

आता नव्या कर्नलवर या आणि ‘यूनेम -आर’ चालवून क्रमांक लिहून घ्या. मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’ चालवा. लांबलचक यादी येईल. त्यातला फक्त ‘इथरनेट कंट्रोलर’चा तुकडा आपल्या कामाचा.

पहिल्या ओळीत चौकटी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते. तिचा पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. रिअलटेकचा १०ईसी, इंटेलचा ८०८६. बोर्डाच्या खोक्यावर काय छापलंय यापेक्षा या जोडीवर विश्वास ठेवा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळी चिप निघू शकते.

खाली दोन ओळी असायला हव्यात. ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे या चिपला ओळखणारे ड्रायव्हर आणि ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे प्रत्यक्षात कामावर असलेला ड्रायव्हर. निदान इथेच होतं. दोन्ही ओळी असतील तर ड्रायव्हर ठीक आहे, बिघाड पुढे कुठेतरी आहे. मॉड्यूल्सची ओळ आहे पण इन यूजची नाही, तर ड्रायव्हर डिस्कवर आहे पण त्याला कोणीतरी अडवलंय. दोन्ही नसतील तर या कर्नलपाशी चिपला ओळखणारा ड्रायव्हरच नाही.

घरगुती बोर्डांवर मोजक्याच चिप असतात. रिअलटेकची एक गिगाबिटची ८१११ किंवा ८१६८, अडीच गिगाबिटची ८१२५ आणि नव्या बोर्डांवरची पाच गिगाबिटची ८१२६ या तिन्ही कर्नलमधला आर८१६९ हा एकच ड्रायव्हर सांभाळतो. फक्त प्रत्येकीला तो ओळखू लागला वेगवेगळ्या वेळी: ८१२५ला ५.४ पासून, ८१२५बीला ५.९ पासून, ८१२६ला ६.९ पासून. इंटेलकडे आय२१९ला ई१०००ई, आय२११ला आयजीबी आणि अडीच गिगाबिटच्या आय२२५, आय२२६ला आयजीसी. हा आयजीसी कर्नलमध्ये ४.२० पासून आहे.

हे आकडे लक्षात ठेवायचं कारण असं. ६.८ कर्नलवर ८१२६ चालत नाही, म्हणून कोणी बाहेरचा (कर्नलसोबत न येणारा) ड्रायव्हर बसवतो. पुढे एचडब्ल्यूईने ६.११ येतो, त्यातल्या आर८१६९ला ही चिप ओळखता येते, बाहेरच्याची गरजच संपलेली असते. पण तो बाहेरचा ड्रायव्हर आणि त्याच्यासाठी केलेल्या खटपटी तशाच मागे राहिलेल्या असतात. चिपची त्याहून ताजी आवृत्ती असेल तर कर्नलच्या नोंदींत ‘अननोन चिप एक्सआयडी’ अशी ओळ दिसते. तेव्हा आणखी नवा कर्नल हाच सरळ उपाय.

मुळात असं होतंच का

ड्रायव्हर म्हणजे लिनक्सच्या भाषेत मॉड्यूल, आणि प्रत्येक कर्नलची मॉड्यूल्स ‘/लिब/मॉड्यूल्स’च्या खाली त्याच्या क्रमांकाच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात. ६.८ च्या फोल्डरमधलं मॉड्यूल ६.१४ ला चालत नाही. कर्नलच्या आतल्या जोडण्या कायम तशाच ठेवायचं वचन कर्नल लिहिणारे देत नाहीत, आणि हे ते उघडपणे सांगतात. कर्नलमध्येच असलेले ड्रायव्हर तेच लोक प्रत्येक बदलासोबत दुरुस्त करत नेतात. बाहेरच्या ड्रायव्हरला मात्र दर वेळी नव्या कर्नलसाठी नव्याने कंपाइल व्हावं (सोर्स कोडमधून बांधलं जावं) लागतं.

साइटवरून उतरवलेल्या संचातली स्क्रिप्ट सहसा फक्त चालू असलेल्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवते. कर्नल बदलला की ते मॉड्यूल जुन्या फोल्डरमध्येच राहतं. यावर उपाय म्हणून डेलच्या लिनक्स चमूने २००३ मध्ये डीकेएमएस लिहिलं. ते ड्रायव्हरचा सोर्स जपून ठेवतं आणि नवा कर्नल आला की आपणहून बांधणी करतं. ती बांधणी फसली तर अपग्रेडच्या गडबडीत एक ओळ वाहून जाते, आपल्याला कळतं ते रीस्टार्टनंतर.

इंटरफेस आहे, पण नेट नाही

दोन्ही ओळी दिसत असतील तर ‘आयपी लिंक’ चालवा. ‘ईएनपी३एस०’सारखं नाव दिसेल. यातला ३ हा पीसीआय बसचा क्रमांक. नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड लावलं की तो सरकतो आणि काल ३ असलेलं आज ४ होतं. कर्नल किंवा सिस्टिमडी (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारी व्यवस्था) बदलल्यावर नाव ठरवण्याची पद्धतही थोडी बदलू शकते. ड्रायव्हर बिचारा कामावर हजर असतो, पण सेटिंगच्या फाइलीत जुनंच नाव असतं.

उबुंटू सर्व्हरवर ‘/ईटीसी/नेटप्लॅन’मधली फाइल बघा आणि नाव दुरुस्त करून ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ चालवा. ‘अप्लाय’पेक्षा ‘ट्राय’ बरं, कारण तुम्ही एंटर दाबून दुजोरा दिला नाहीत तर १२० सेकंदांनी जुनी सेटिंग परत येते. लांबच्या मशीनवर काम करताना हे फार उपयोगी पडतं. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालवणाऱ्यांनी) ब्रिजच्या, म्हणजे त्या मशीन्सना नेटशी जोडणाऱ्या, ओळीतलं नाव तपासावं. तिथे एका अक्षराच्या फरकाने सगळ्या व्हर्च्युअल मशीन्सचं नेट जातं. डेस्कटॉपवर ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’मध्ये इंटरफेसपुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं, तर नेटवर्कमॅनेजरला तो सांभाळू नकोस असं कोणत्या तरी फाइलीत सांगितलेलं असतं.

ही कटकट कायमची संपवायची असेल तर ‘/ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क’मध्ये ‘.लिंक’ने संपणारी एक छोटी फाइल करा. मॅचच्या भागात चिपचा मॅक पत्ता (तिचा ओळख क्रमांक) लिहा, लिंकच्या भागात ‘लॅन०’सारखं स्वतःचं नाव. मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ (सुरुवातीची बूट प्रतिमा नव्याने बनवणारी कमांड) चालवून रीस्टार्ट करा आणि नेटप्लॅनमध्येही तेच नाव घाला.

ड्रायव्हर आहे, पण अडलाय

आता माझी ती ओळ. माझ्या बोर्डावरची चिप तेव्हाच्या कर्नलला ओळखता येत नव्हती, म्हणून मी बाहेरचा ड्रायव्हर बसवला. दोघांची मारामारी नको म्हणून ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये ‘ब्लॅकलिस्ट आर८१६९’ अशी ओळही टाकली. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका अपग्रेडला डीकेएमएसची बांधणी फसली. नव्या कर्नलमधला आर८१६९ माझी चिप ओळखत होता आणि काम करायला तयार बसला होता, पण दारात माझीच पाटी: प्रवेश बंद. बाहेरचा आला नाही, घरच्याला मी येऊ दिलं नाही. अख्खी संध्याकाळ मी केबली बदलत बसलो होतो.

शोधायचं असं: ‘ग्रेप -आर आर८१६९ /ईटीसी/मॉडप्रोब.डी’. इंटेलची चिप असेल तर तिच्या ड्रायव्हरचं नाव घाला. ओळ सापडली तर आधी ‘सुडो मॉडप्रोब आर८१६९’ करून बघा. ब्लॅकलिस्ट फक्त आपोआप चढणं थांबवते, नाव घेऊन बोलावलं तर ड्रायव्हर चढतो. असं केल्यावर लॅन जिवंत झालं तर गुन्हेगार सापडला. ओळ काढून टाका आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ विसरू नका, कारण त्या फाइलींची प्रत सुरुवातीच्या बूट प्रतिमेतही गेलेली असते.

मॉडप्रोबने ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर दिलं तर तो सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड चढू न देणारी मशीनची सुरक्षा. हे बाहेरच्या ड्रायव्हरच्याच बाबतीत घडतं. कर्नलसोबत येणाऱ्या मॉड्यूल्सवर सही आधीच असते. ‘मोकयूटिल --एसबी-स्टेट’ने ते चालू आहे का बघा. उबुंटू डीकेएमएसचं मॉड्यूल बांधताना तुमच्या मशीनच्या चावीने सही करतं, पण ती चावी मशीनमध्ये एकदा नोंदलेली असावी लागते. पॅकेज बसवताना पासवर्ड मागितला होता आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा आला होता, आठवतंय? घाईत तिथे ‘कंटिन्यू बूट’ निवडलं असेल तर चावी नोंदलीच गेली नाही. ‘सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर’ (यातलं शेवटचं ‘मोक’ रोमनमध्ये मोठ्या अक्षरांत) चालवून नवा पासवर्ड द्या आणि रीस्टार्टला ‘एन्रोल मोक’ निवडा. पासवर्ड साधा ठेवा. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि खास चिन्हं भलत्याच जागी सापडतात. सिक्युअर बूट सरळ बंद करणं हाही एक उपाय आहे. त्याच डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) लावलेलं विंडोज असेल तर मात्र त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

ड्रायव्हरच नाही

मॉड्यूल्सची ओळच दिसत नसेल तर आधी साधी शक्यता तपासा. उबुंटू बरेच ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात ठेवतं. कर्नलची फक्त प्रतिमा हाताने बसवली असेल तर ते येत नाही. नव्या कर्नलच्या क्रमांकासह हे पॅकेज बसवलं की काम होऊन जातं.

खरोखर बाहेरच्या ड्रायव्हरचीच गरज असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. नव्या कर्नलच्या क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर बांधणी फसली आहे. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे हेडर फाइली (ड्रायव्हर बांधताना लागणारं कर्नलच्या आतल्या जोडण्यांचं वर्णन) नसणं. जुन्या कर्नलवर, नेट असताना, ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-’ आणि त्याला जोडून नव्या कर्नलचा पूर्ण क्रमांक द्या. इथे हमखास चूक होते. सगळीकडे क्रमांकाच्या जागी ‘यूनेम -आर’ घालायला सांगतात, पण जुन्या कर्नलवर बसून तसं केलंत तर जुन्याचेच हेडर येतील. मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’ आणि पुन्हा तोच नवा क्रमांक. म्हणजे जुन्या कर्नलवर बसूनच नव्याचा ड्रायव्हर तयार होतो. फेडोरावर हेडरच्या पॅकेजचं नाव ‘कर्नल-डेव्हेल’, आर्चवर ‘लिनक्स-हेडर्स’.

हेडर असूनही फसलं तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’मध्ये त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात ‘मेक.लॉग’ शोधा. त्यातली ‘एरर’ शब्द असलेली पहिली ओळ गाठा. खालच्या शंभर ओळी तिचीच पिल्लावळ असते. ‘जीसीसी-१२ नॉट फाउंड’ असं असेल तर कर्नल एका कंपायलरने बांधलेला आणि तुमच्याकडे दुसरा. उबुंटू २२.०४ वर एचडब्ल्यूईने ६.५ आला तेव्हा नेमकं हेच झालं होतं, आणि ‘जीसीसी-१२’ हे पॅकेज बसवलं की काम होत होतं. पण एखाद्या फंक्शनच्या नावाची किंवा त्याच्या आर्ग्युमेंट्सची तक्रार असेल, तर ड्रायव्हरचा सोर्स या कर्नलपेक्षा जुना आहे. त्या सोर्सला हाताने ठिगळं लावत बसू नका. ड्रायव्हरची नवी आवृत्ती घ्या किंवा ती येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा.

फर्मवेअरमुळे (चिपमध्ये भरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे) लॅन पूर्ण बंद पडणं तसं विरळा. ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘आरटीएल_एनआयसी’ने सुरू होणाऱ्या फाइलीबद्दल ‘अनेबल टू लोड फर्मवेअर’ असं दिसलं, तर उबुंटूवर ‘लिनक्स-फर्मवेअर’ अद्ययावत करा, डेबियनवर ‘फर्मवेअर-रिअलटेक’ बसवा. डेबियन १२ पासून त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग आहे.

बाहेरचा ड्रायव्हर काढायचा कसा

माझ्या मते कर्नलमधला ड्रायव्हर चिपला ओळखत असेल तर बाहेरचा ठेवूच नये. जुन्या लेखांत ‘रिअलटेक आहे? मग आर८१६८ टाका’ असं सरसकट लिहिलेलं असतं. आर८१६९ त्या काळापेक्षा खूप सुधारला आहे. ‘सुडो एपीटी पर्ज आर८१६८-डीकेएमएस’ (तुमच्याकडे आर८१२५ असेल तर ते नाव), मग ब्लॅकलिस्टची ओळ काढणं, मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि रीस्टार्ट. संचातल्या स्क्रिप्टने बसवलं असेल तर एपीटीला त्याचा पत्ता नसतो. अशा काही स्क्रिप्ट घरच्या मॉड्यूलचं नाव बदलून शेवटी ‘.बॅक’ लावून ठेवतात, तेव्हा त्या कर्नलच्या मॉड्यूल पॅकेजची पुन्हा स्थापना केली की मूळ फाइल परत येते. शेवटी ‘ईथटूल -आय’ पुढे इंटरफेसचं नाव देऊन कामावर कोण आहे याची खात्री करा.

चालतं, पण मध्येच तुटतं

कधी ड्रायव्हर चढतो, नेट मिळतं आणि तासाभराने गळपटतं. नोंदींत रिअलटेकवर ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आणि ‘टाइम्ड आउट’ दिसतं, इंटेलच्या आयजीसीवर ‘पीसीआयई लिंक लॉस्ट’. संशयित बहुतेक वेळा एएसपीएम, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसची वीजबचत. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’मध्ये कर्नलच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घाला, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा आणि दोन दिवस निरीक्षण करा. लॅपटॉपवर याने बॅटरी थोडी जास्त खर्च होते. आय२२५ची अगदी पहिली आवृत्ती असेल तर दोष हार्डवेअरचाच आहे. अडीच गिगाबिटवर तिच्यात पॅकेट गळतात, हे २०२० मध्येच उघड झालं होतं. ‘ईथटूल’ने वेग एक गिगाबिटवर बांधून टाका आणि ड्रायव्हरला बोल लावणं थांबवा.

पुढच्या अपग्रेडच्या आधी

नवा कर्नल आठवडाभर चालवून बघितल्याशिवाय ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ करू नका. बाहेरच्या ड्रायव्हरशिवाय गत्यंतर नसेल तर हेडर कर्नलसोबतच येतील असं मूळ पॅकेज ठेवा, म्हणजे ‘लिनक्स-जेनेरिक’ किंवा ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’, नुसतं ‘लिनक्स-इमेज’ नको. अपग्रेड संपलं की रीस्टार्टच्या आधी ‘डीकेएमएस स्टेटस’वर नजर टाका, दहा सेकंदांचं काम आहे. आणि ‘मॉडप्रोब.डी’मध्ये काही लिहिणारच असाल तर त्या ओळीच्या वर हॅशची खूण करून तारीख आणि कारण लिहा. माझ्या फाइलीत आता लिहिलंय: ‘६.९ किंवा पुढचा कर्नल आला की ही ओळ काढ.’